तीनशे पंधरा, थर्टी-ओ-सिक्स की बारा बोर? वावरातल्या डुकरासाठी काडतुसांची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला खाली वाचायची गरज नाही. तुरीत किंवा पऱ्हाटीत घुसणाऱ्या रानडुकरासाठी, सत्तर-ऐंशी मीटरच्या आत, .३१५ पुरून उरतं. हरभऱ्याच्या उघड्या वावरात शंभर-दीडशे मीटरवर उभ्या रोह्यासाठी (नीलगायीसाठी) .३०-०६, तेही १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीचं. बारा बोरातलं एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, पंचवीस मीटरच्या आत, त्यापुढे नाही. आणि .३७५ वगैरे मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) रायफल बनवून घ्यायची हौस असेल, तर ती हौस म्हणूनच ठेवा; आपल्या वावरात तिचं काम नाही.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली देशात हौसेची शिकार बंद आहे. शस्त्राचा परवाना खिशात आहे म्हणजे डुक्कर मारायचा हक्क आला, असं नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी आणि रोह्यासाठी कलम ११ खाली लेखी परवानगी लागते आणि त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा असतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे बंदूक वळवायचीच नाही. मेलेलं जनावर सरकारचं, मांस वाटून घेणं हा वेगळा गुन्हा. पीकसंरक्षणाचा परवाना बहुतेक वेळा बारा बोरावर नाहीतर भरमारवर (तोंडाकडून भरायच्या बंदुकीवर) मिळतो. रायफल हवी तर ती का लागते हे अर्जात नीट मांडावं लागतं. म्हणून काडतुसाची निवड दुकानात नाही, परवान्याच्या अर्जातच होते. बोअर एकदा परवान्यावर चढली की बदलायला पुन्हा तहसील ते जिल्हाधिकारी अशी सगळी पायपीट.

आता .३१५. ही बोअर आपल्याकडे इतकी का पसरली, याचं कारण बंदी. इंग्रजांनी .३०३ सारखी लष्करी बोअर खासगी माणसाला बंद केली आणि ती आजही प्रतिबंधित बोअरमध्येच मोडते. लष्कराचं काडतूस ज्यात बसणार नाही अशी रायफल हवी होती. ८ मिलिमीटरच्या जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाच्या जातीचं हे काडतूस त्या जागी बसलं. रायफलीचा सांगाडा ली-एनफिल्डचाच, इशापूरच्या कारखान्यातला. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची. बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं दिसतात. (भंडारा, भद्रावती, अंबाझरी हे दारूगोळ्याचे कारखाने आपल्या दाराशी असले तरी या कामासाठी त्यांचा उपयोग नाही, तो माल वेगळा.)

गोळी २४४ ग्रेनची, शिशाचं नाक उघडं असलेली, वेग सेकंदाला सुमारे २,००० फूट. कागदावर हे आकडे मागासलेले वाटतात. .३०-०६ च्या शेजारी ठेवलं तर वेगात सातशे फुटांनी कमी. पण वावरातली नेम धरायची अंतरं कागदावर नसतात. तुरीच्या दोन ओळींच्या फटीत डुक्कर दिसतं ते तीस-पन्नास मीटरवर. तिथं जड, संथ, मऊ नाकाची गोळी खांद्याच्या हाडाला लागूनही फुटून विखुरत नाही, पसरते आणि आत जाते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारखी जाड ढाल असते. हलकी, वेगवान गोळी तिथं वरवर फुटली तर जनावर जखमी होऊन नाल्यात घुसतं आणि पुढची चार दिवसांची जागल भीतीची होते.

शंभर मीटरवर नेम जुळवलेली .३१५ पन्नास मीटरवर इंचभरही वर मारत नाही, म्हणजे तिथं काही विचार करायचा नाही. दीडशेला ती चार-पाच इंच खाली येते आणि दोनशेला फूटभर. म्हणजे दोनशे मीटरवर पाठीच्या रेषेवर नेम धरायचा आणि नशिबावर सोडायचं, असा प्रकार होतो. तो करू नये. रात्री विजेरीच्या उजेडात अंतर हमखास कमी वाटतं. धुऱ्यापासून (बांधापासून) मचाणापर्यंतचं अंतर दिवसा पावलांनी मोजून ठेवा, पळसाला किंवा बोरीला चुन्याची खूण करा. त्या खुणेपलीकडचं जनावर तुमचं नाही.

या रायफलीची खरी खोड मॅगझिनमध्ये आहे, आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. .३१५ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे, म्हणजे नळीच्या बाजूला, बसली पाहिजे. उलटं बसलं तर बोल्ट पुढे ढकलताना वरचं काडतूस खालच्याला ओढतं, दोन्ही तिरकी होतात आणि बोल्ट अर्ध्यावर अडकतो. हे नेमकं दुसऱ्या गोळीच्या वेळी होतं, जखमी डुक्कर समोर असताना. जोर लावू नका, बोल्ट मागं घ्या, मॅगझिन काढा, काडतुसं बाहेर घेऊन पुन्हा भरा. भरतानाच प्रत्येक काडतूस आधी पुढे सरकवून, मग अंगठ्यानं खाली दाबत मागं न्यायची सवय लावली तर हा प्रसंग येत नाही. दिवसा डमी काडतुसांवर हात बसवून घ्या. रात्री बोटांनाच दिसलं पाहिजे.

दुसरी बारीक गोष्ट. मॅगझिनमध्ये खालची काडतुसं राहून वरचीच उडवली की धक्क्यानं खालच्यांची शिशाची नाकं पुढच्या भिंतीवर आपटून चपटी होतात. एवढ्यानं पन्नास मीटरवर नेम बिघडत नाही, पण तीच काडतुसं महिनोन्‌महिने खाली राहिली तर नाक इतकं वाकडं होतं की चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी अडतं. क्रम फिरवत राहा.

लोखंडी माशी-घडीवर नेम जुळवताना उलट-सुलट होतं, म्हणून एक नियम: मागची घडी ज्या दिशेला हलवाल त्या दिशेला गोळी जाते, पुढची माशी हलवली तर उलट. गोळी खाली पडत असेल तर माशी उंच आहे. आधी पन्नास मीटरवर, टेका देऊन, तीन गोळ्यांचा घोळका बघा, मग शंभरवर. एका गोळीवरून माशी ठोकू नका. आणि हे परवानगी असलेल्या रेंजवर, नाल्याच्या काठावर नाही.

.३०-०६ चं कौतुक करायला फार शब्द लागत नाहीत. १९०६ चं अमेरिकन काडतूस, ६३ मिलिमीटरचं कवच, कडेशिवायचं. त्यामुळे वर सांगितलेली मॅगझिनची कटकट नाही. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी निघते आणि शंभरचा नेम असेल तर दोनशेवर जेमतेम पाच इंच खाली येते. अडीचशे किलोच्या जवळ जाणाऱ्या नर रोह्यासाठी, मोकळ्या माळावर, याहून योग्य काडतूस परवान्यावर मिळणं कठीण. १५० ग्रेनची गोळी अधिक वेगवान आणि धक्क्याला हलकी असते, म्हणून बरेच जण ती घेतात. चाळीस मीटरवरच्या डुकराच्या खांद्यावर मात्र ती १८० पेक्षा लवकर फुटते. दोन्ही ठेवायचा मोह टाळा. दोन वजनांचे नेम वेगळे लागतात आणि अंधारात कुठलं भरलं ते कळत नाही.

या काडतुसाचा दोषही त्याच्या गुणातच आहे. गोळी सपाट जाते, लांब जाते; मोकळी सुटली तर तीन किलोमीटरच्या पुढेही पोचते. आपल्याकडे रात्री वावरात एकटं कोणीच नसतं. शेजारच्या वावरात जागल करणारा सालदार, पांदणीनं मोटरसायकलवर येणारा कुणीतरी, ओलिताची पाळी धरायला विहिरीवर गेलेला माणूस. डुकराच्या आरपार गेलेल्या गोळीला पुढे काय भेटणार, हे काडतूस निवडण्याआधी ठरवायचं.

इथं मचाणाचं गणित कामाला येतं. मचाण तीन मीटर उंच, डुक्कर चाळीस मीटरवर, गोळी त्याच्या अंगातून जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर गेली, तर सपाट वावरात ती पुढच्या आठ-दहा मीटरांत मातीत शिरते. जमिनीवर बसून, नळी एक मीटरवर ठेवून तोच नेम धरला तर मातीला भिडायला आणखी चाळीस मीटर लागतात. आणि जनावर धुऱ्यावर चढलेलं असेल तर गोळी आभाळात. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत गोळी रुतते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कडक ढेकळांवरून, किंवा मुरमाड-दगडी बरडावरून, इतक्या उथळ कोनात ती उसळू शकते. धुऱ्यावर उभ्या जनावरावर बार काढायचा नाही, मग काडतूस कुठलंही असो.

बारा बोर हे गावातलं सगळ्यात जास्त दिसणारं हत्यार, आणि त्याच्याविषयीच सगळ्यात जास्त गैरसमज. एलजीचे छर्रे मोठे, औंसाला ६, प्रत्येकी साधारण ९ मिलिमीटरचे. वीस मीटरवर ते एकत्र लागतात तेव्हा डुक्कर जागेवर बसतं. चाळीस मीटरवर पसारा इतका होतो की दोन-तीन छर्रे लागले तर लागले, तेही पोटात किंवा मांडीत. असं जनावर त्या रात्री मरत नाही; तीन दिवसांनी कुणाच्या तरी ज्वारीत सडलेलं सापडतं, किंवा सकाळी सोयाबीन सोंगायला आलेल्या बाईच्या अंगावर धावून जातं. बारा बोराला दोष द्यायचा नाही, अंतराला द्यायचा. चुकलेले छर्रेही सहा-सातशे मीटरपर्यंत जातात, हे ‘छर्राच आहे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

स्लग, म्हणजे एकाच मोठ्या गोळीचं काडतूस, एक औंसाचं मिळालं तर पन्नास मीटरपर्यंत बारा बोराची रायफल होते. मात्र नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे आवळलेपणा, किती आहे ते आधी बघा. फुल चोकमधून स्लग मारू नका. दुनाळीच्या डाव्या नळीला सहसा घट्ट चोक असतो, म्हणून स्लग उजव्या नळीत. दोन नळ्यांचे स्लग एकाच जागी लागतील अशी अपेक्षाही ठेवू नका.

त्याहून महत्त्वाचं, आजोबांच्या काळातली विलायती किंवा बेल्जियन दुनाळी असेल तर चेंबरची लांबी तपासून घ्या. जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं ७० ची. न उडवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं, बंदूक मिटते, सगळं ठीक वाटतं. घोळ नंतर होतो. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडतं आणि पुढच्या अरुंद भागात शिरतं, छर्ऱ्यांची वाट आवळते, दाब वाढतो. एका बारात काही होत नाही. हळूहळू बिजागरी सैल होते, कुंद्याला मानेजवळ बारीक चीर जाते, आणि लोक म्हणतात बंदूक म्हातारी झाली. नळीच्या बुडाशी लांबीचा शिक्का असतो. दिसत नसेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या.

मोठ्या बोअरकडे येऊ, कारण हा प्रश्न दरवेळी निघतो. रायफल खास बनवून घ्यायचीच तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड का नको? १९१२ चं काडतूस, ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला २,५०० फुटांवर, ऊर्जा .३१५ च्या जवळजवळ दुप्पट. आफ्रिकेत बऱ्याच देशांत हत्ती-म्हशीसाठी किमान बोअर म्हणून .३७५ च धरतात, आणि तिथं ते बरोबर आहे. .४१६ रिग्बी, .४७० नायट्रो हे त्याच घराण्यातले. यातल्या काहींच्या जन्मात हिंदुस्थानचाही हात आहे: १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी इथं .४५० बोअरवर बंदी घातली, म्हणून लंडनच्या बंदूकवाल्यांनी .५००/.४६५ सारखी नवी काडतुसं काढली.

तिकडे कारागीर आधी काडतूस ठरवतो, मग त्यावरून बाकी सगळं. .३७५ चं कवच ७२ मिलिमीटरचं, म्हणजे लांब बोल्टचा सांगाडा लागणार; .३०-०६ साध्या लांबीत बसतं. नळीच्या आतले पीळ गोळीच्या लांबीप्रमाणे, .३०-०६ ला दहा इंचांत एक. वजन असं की धक्का खांद्याला सोसेल; .३७५ ला नऊ पौंडांच्या खाली गेलात तर दुसऱ्या गोळीला डोळे मिटतात. हा क्रम शिकण्यासारखा आहे. आपल्या वावरातल्या डुकरासाठी मात्र .३७५ म्हणजे आरपार जाऊन पलीकडच्या धुऱ्याला पोचणारी गोळी, आणि काडतुसं मिळायची तर बाहेरून आलेल्या महाग, जुन्या साठ्यातली. वर्षाला वीस गोळ्याही नेम जुळवायला उडवता येत नसतील तर ती रायफल कपाटातच शोभते.

आपल्याकडे ‘बनवून घेणं’ याचा कायदेशीर अर्थ एवढाच: परवानाधारक कारागिराकडून कुंदा आपल्या हाताच्या मापाचा करणं, रबरी पॅड लावणं, माशी बदलणं, दुर्बीण बसवणं. .३१५ ला यातलं पहिलं कराच. कुंदा बऱ्याच जणांना आखूड पडतो आणि अंगठा नाकावर आपटतो. नळी कापून आखूड करायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो, आणि बोअर बदलून देतो म्हणणारा कारागीर तुम्हाला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय.

खरेदीत जपायच्या गोष्टी. दुकानदार जुना साठा आधी खपवायला बघतो, त्यात त्याचं चुकतं असं नाही, पण डबा उघडून दाखवायला सांगा. बुडावरचं साल बघा आणि एकाच सालातला, शक्यतो एकाच लॉटचा माल घ्या. लॉट बदलला की नेम सरकतो. टोपीवरून, म्हणजे बुडाच्या मधोमध असलेल्या, बार पेटवणाऱ्या वाटीवरून, नख फिरवा, ती बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत हवी. वर आलेली टोपी परत. गोळी दोन बोटांत धरून फिरवा, फिरली तर परत. कवचाच्या मानेवर केसासारखी चीर, हिरवट गंज, तेलाचे डाग: परत. परवान्यावर नोंद तुमच्यासमोर करून घ्या आणि संख्या स्वतः मोजा. पुढे पोलीस ठाण्यात मेळ बसला नाही तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

घरी आणल्यावर काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवू नका. दिसायला रुबाबदार, पण चामड्यातल्या आम्लानं पितळेवर हिरवं बसतं आणि पावसाळ्यात ते दुप्पट वेगानं. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, कुलूप. माळ्यावर टिनाच्या छताखाली नको. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात तेव्हा तिथं त्याहून कितीतरी जास्त. तापलेल्या काडतुसात दाब वाढतो, आणि .३०-०६ सारख्या मुळातच जास्त दाबाच्या काडतुसात बोल्ट जड उचलू लागला तर ते त्याचंच लक्षण.

चाप ओढला आणि फक्त टिक्‌ झालं, तर नळी सुरक्षित दिशेला धरून मनात तीस आकडे मोजा, मग बोल्ट उघडा. टोपी उशिरा पेटते कधीकधी. आवाज झाला पण नेहमीपेक्षा दबका, धक्काही कमी, तर दुसरं काडतूस अजिबात पुढे ढकलू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढा, विजेरी लावून मागच्या बाजूनं नळीतून बघा. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला तरच रायफल पुन्हा भरायची. नाहीतर त्या रात्रीची जागल तिथंच संपली, आणि सकाळी रायफल कारागिराकडे.